चोवीस तुकड्यांचा नकाशा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कमलला, माझ्या बायकोलाही नाही — आणि तिला तर मी नवी चप्पल चावली तरी घरी येऊन आधी सांगतो. आता ब्याऐंशी पूर्ण झाली. एक कान गेला, गुडघे जायच्या वाटेवर आहेत, पण ही गोष्ट मात्र जागची हलत नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय केलंत नाना? कुणाला बुडवलंत की काय? नाही हो. लाकडाच्या एका तुकड्याची गोष्ट आहे. पिवळा, तळहातावर मावेल एवढा. ऐकून तुम्हाला हसू येईल. येऊ द्या — मीसुद्धा पहिल्यांदा हसलोच होतो. तिथून तर सगळं आणखीच बिघडलं.

गेल्या महिन्यात नातसुनेनं पणतीसाठी एक वस्तू मागवली. जाड कापडाचं मोठं गोल, कडेनं दोरी ओवलेली. ते जमिनीवर पसरायचं, त्यावर खेळण्याचे तुकडे ओतायचे, पोर खेळून उठलं की दोरी ओढायची — झालं, सगळे तुकडे आत, गाठोडं तयार. नातसून म्हणाली, "आजोबा, बघा काय भारी आयडिया काढलीय या लोकांनी!" माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तर आमच्या पंचफुलावहिनींचं."

"कोण पंचफुलावहिनी?"

मी चष्मा पुसत बसलो. कारण वहिनी कोण हे सांगायला लागलो असतो, तर मी कोण हेही सांगावं लागलं असतं.

तर सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. सुरतला पर्वत पाटियाच्या मागं आमची ओळ होती — समोरासमोर मिळून अठरा खोल्या, मधे सिमेंटचा बोळ, प्रत्येक दारापुढं हातभर ओटा. जवळजवळ सगळे खानदेशातले. कुणी पारोळ्याकडचे, कुणी शिरपूरकडचे. पुरुष मिलमध्ये किंवा लूमवर, बायका घरी साड्यांना लेस लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये शेडबुक सांभाळायचो. शेडबुक म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण माझं सगळं पाप त्या वहीत आहे.

कापडाचा लॉट रंगून आला की त्यातून दोन बोटं रुंद तुकडा कापायचा, जाड वहीत डिंकानं चिकटवायचा आणि खाली लॉटचा नंबर लिहायचा. उद्या व्यापारी म्हणाला, मला तोच मोरपिशी हवा, की वही उघडायची, नमुना समोर. दिवसाला असे तीस-चाळीस तुकडे मी कापायचो. डोकं लागायचंच नाही त्यात, हात आपोआप चालायचे. माझ्या वहीत एकाही रंगाचा घोळ नाही, असं मास्तरसुद्धा म्हणायचे. मास्तर म्हणजे रंगखात्याचे — ते कुणाला चांगलं म्हणत नसत. मग मला केवढा अभिमान असेल, तुम्हीच विचार करा.

एकदा शेठच्या बंगल्यावर रंगाचे नमुने दाखवायला गेलो होतो. निघताना शेठाणीनं पोर्चमधलं एक पोतं दाखवलं. "नाना, आ बधूं लई जाओ. छोकरां रमशे." म्हणजे, हे सगळं घेऊन जा, पोरं खेळतील. त्यांची नातवंडं मोठी झाली होती, जुनी खेळणी एका पोत्यात कोंबलेली. मी ते मिलच्या बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. खड्ड्याखड्ड्याला आतून आवाज यायचा — खळ्ळ. माझ्या शेजारचा म्हणाला, "नाना, शेठनं हाडं दिली का रे?"

सुट्टीच्या दिवशी ते पोतं मी खोलीत जुन्या साडीवर ओतलं. काय होतं त्यात, विचारू नका! प्लास्टिकचे जोडायचे ठोकळे, नट-बोल्ट आणि भोकांच्या पट्ट्या, रंगीत मणी, लुडोच्या सोंगट्या, डॉक्टरच्या सेटमधलं थर्मामीटर, भातुकलीची झाकणं, आगगाडीचे रूळ — सगळं एकमेकांत मिसळलेलं. दुसरा माणूस घाबरला असता. मला तर वाटलं, देवानं माझ्यासाठीच हे पाठवलंय. गव्हाच्या चाळणीतून मणी आणि नट वेगळे काढले. ठोकळे रंगावर लावले, मग आकारावर. कमलनं रिजेक्ट साडीच्या कापडातून नाडीच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक पिशवीला मी कापडाचं लेबल लावलं, मिलच्या ताग्याला असतं तसं: खेळण्याचं नाव, आणि खाली नग किती. ठोकळे, नग दोनशे बारा. मणी मोजताना दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा मोजले. कमल म्हणाली, "मणी कोण मोजतं? येडे झालात का?"

आणि — इथं लक्ष द्या — मी एक शेडबुकही केलं. मिलमधली अर्धी कोरी वही होती. प्रत्येक खेळण्यातला एक नमुना काढून चिकटवायचा, खाली नाव, नग. एखादा ठोकळा कुठल्या सेटमधला, असा प्रश्न पडला की वही उघडायची. मला ही कल्पना फार थोर वाटली होती. एक ठोकळा काढला, एक मणी काढला, एक नट काढला — कुणाचं काय अडतं? ताग्यातून दोन बोटं कापलं म्हणून तागा कमी झालाय का कधी?

मिलमधून भंगारात निघालेलं लोखंडी कपाट मागून आणलं, ओळीतल्या सगळ्या पोरांच्या खेळण्यांसाठी. ते ठेवायचं कुठं? मी आणि कमल दिवसभर घराबाहेर. ती तेव्हा पापडाच्या कामाला जायची. तेव्हा समोरच्या पंचफुलावहिनी म्हणाल्या, "माझ्या ओट्यावर ठेवा. मी तर घरीच असते." त्या भुसावळकडच्या. नवरा सुदामभाऊ मिलच्या फोल्डिंगखात्यात, कापडाच्या घड्या घालायला. ठेंगण्या, बोलायला लागल्या की बोळभर ऐकू जायचं, आणि हसायला लागल्या की पलीकडच्या बोळात. कपाटाची चावी त्यांच्याकडं गेली.

पहिले पंधरा दिवस माझ्या पिशव्या, माझी लेबलं, सगळं पोरांच्या कौतुकाचं होतं. मग गडबड सुरू झाली. पिशवीतून ओतणं सोपं, पण परत भरणार कोण? दोनशे बारा ठोकळे पोर एकेक करून भरतंय होय? ठोकळे गटारीत, मणी उंबऱ्यात. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन मोजायचो, ओरडायचो. पोरं मला 'नग किती' म्हणून चिडवायला लागली.

वहिनींनी काय केलं? तीन-चार रिजेक्ट साड्या जोडून गोल कापड केलं, कडेनं नेफा शिवला, त्यात नाडी ओवली. खेळायचं ते त्या गोलातच. उठताना नाडी ओढायची. एवढंच! पोरांनी त्याला नाव ठेवलं — भाकर. "ए, भाकर पसर!" "चल, भाकर गोळा कर!" अशा पाच भाकऱ्या त्यांनी केल्या, प्रत्येक खेळण्याला वेगळ्या रंगाची. लाल भाकर म्हणजे ठोकळे, हिरवी म्हणजे नट-बोल्ट. वाचता न येणाऱ्या पोरालाही कळावं. दुपारी त्यांच्या ओट्यापासून बोळाच्या टोकापर्यंत भाकऱ्या पसरलेल्या असायच्या, आणि मधे पाय दुमडून वहिनी लेस लावत बसलेल्या. माझ्या लेबलांकडं कुणी बघेनासं झालं. माझ्या रिकाम्या झालेल्या पिशव्यांत वहिनींनी कांदे भरले — मला विचारून भरले हो, हसत विचारलं. मीही हसून "भरा की" म्हणालो.

मनातून मात्र मला ते लागलं. लागलं म्हणजे किती? सांगतो — मिलमध्ये मास्तरांनी माझी वही दुसऱ्याच्या हातात दिली असती, एवढं. मी बावन्न वर्षांचा माणूस, आणि एका बाईनं नाडी ओवली म्हणून माझा जळफळाट. लिहिताना हसू येतंय. पण तेव्हा येत नव्हतं.

पोत्यात एक खेळणं मागं राहिलं होतं: भारताचा लाकडी नकाशा. राज्यांचे तुकडे चौकटीत बसवायचे, छोटी राज्यं एकेका तुकड्यात जोडलेली. चौकट मात्र मोडलेली. एके सुट्टीला मी ते काम हातात घेतलं. तुकडे मोजले: चोवीस. लेबल लिहिलं: नकाशा, लाकडी, नग चोवीस. मग चौकट सरसानं जोडली आणि वाळायला दोऱ्याच्या कोनचं, म्हणजे पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या मोठ्या रिळांचं, ओझं ठेवून दिली. आठवड्याभरानं चौकट पक्की झाल्यावर तुकडे एकदा बसवून बघायला हवे होते, नाही का? पण लेबलवर चोवीस लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलं मीच होतं. मी लिहिलेलं मीच परत तपासायचं?

पिशवी वहिनींच्या हातात दिली. मिलमध्ये माल घेणारा समोर मोजून घेतो, तशी पद्धतच आहे. मी म्हणालो, "मोजून घ्या." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मोजलं ना नाना? मग बास."

बास. त्यांचा हा शब्द मला अजून ऐकू येतो — ऐकू न येणाऱ्या कानातसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी मिलमधून आलो, तर वहिनी हसत हसत समोर. "नाना, तुमच्या भारतात महाराष्ट्रच नाही हो! आपण सगळे उठून सुरतला आलो म्हणून काढून टाकला का काय?"

बोळातली दोन-चार माणसंही हसली. हसायची वेळ होती ती. मीही हसलो असतो, "शोधू या" म्हणालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला काय झालं, माहीत आहे? मला आनंद झाला. हेच ते. हेच सांगायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. तुकडा हरवला म्हणून मला वाईट वाटलं नाही — आनंद झाला. भाकऱ्यांमधून शेवटी एक तुकडा सांडलाच, असं वाटून पोटात गुदगुल्या झाल्या. आणि मी चेहरा गंभीर करून म्हणालो, "माझ्याकडून चोवीस निघाले."

मिलमधल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माझ्याकडून पूर्ण निघालं, म्हणजे कमी पडलं ते तुमच्याकडं. वहिनींना लगेच कळलं. सुदामभाऊ दारात उभे होते, त्यांनाही कळलं.

आमच्या ओळीत बौद्धांचं घर ते एकच. एरवी तसं कुणी बोलत नसे. हळदी-कुंकवाला नसलं तरी पापड लाटायला, बाळंतिणीच्या मदतीला वहिनीच पहिल्या असायच्या. पण त्या संध्याकाळी "त्यांच्याकडं" हा शब्द मी दोनदा ऐकला. कुणी बोललं ते लिहीत नाही. ऐकून मी काही बोललो नाही, ते लिहितो. उलट म्हणालो, "सगळ्या पिशव्या, सगळ्या भाकऱ्या एकदा ओतून बघू." सगळ्यांदेखत ओतल्या. सगळं निघालं, महाराष्ट्र नाही. मग वहिनींनी कुणी न सांगता स्वतःच्या घरातला पिठाचा डबा आणून बोळात उपडा केला. तांदळाचा केला. लेकीचं दप्तर झटकलं. मी हातात लेबल धरून उभा होतो. चावी दुसऱ्या कुणाकडं असती, तर मी त्या घराचं पीठ बोळात सांडू दिलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वर्षं विचारलाच नाही. ज्या दिवशी विचारला, त्या दिवशी उत्तर यायला काहीच वेळ लागला नाही.

वहिनींनी डब्याच्या झाकणावर चावी ठेवली आणि झाकण माझ्यापुढं केलं. मी चावी उचलली. कपाट माझ्या ओट्यावर आलं, आणि खेळणी भाकऱ्यांतून परत माझ्या पिशव्यांत गेली.

चार दिवसांनी त्या माझ्याकडं आल्या. मी ओट्यावर बसून नट मोजत होतो. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. दोऱ्याच्या कोनचा जाड पुठ्ठा, चौकटीतल्या रिकाम्या जागेवर कागद ठेवून, बोटानं दाबून, बरोबर तेवढाच कापलेला. लेकीच्या खडूंनी पिवळा रंगवला होता, आणि वर भुसावळच्या जागी एक ठिपका, धुळ्याच्या जागी एक ठिपका. "नाना, खेळ पूर्ण पाहिजे. पोरांनी काय भोक बघत बसायचं?" त्यांनी स्वतः पिशवी उघडली, तुकडा आत टाकला आणि गेल्या. चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आठवड्याभरात कुणीतरी एक फिरकीचा सेट आणून दिला. मी पिशवी केली, लेबल लावलं आणि नमुना चिकटवायला ट्रंकेतून ते खेळण्यांचं शेडबुक काढलं. उघडलं तर — शेवटच्या पानावर पिवळाधमक महाराष्ट्र! खाली माझ्याच अक्षरात, वळणदार: नकाशा, लाकडी, नग चोवीस.

मी मोठ्यानं हसलो. खरंच सांगतो, एकटाच खोलीत हसलो. चोवीस मोजले, लेबल लिहिलं, आणि हातानं आपोआप त्यातला एक उचलून डिंकानं चिकटवून टाकला होता. बाकी तेवीस सोडून महाराष्ट्रच का? हात आपल्या माणसाकडं जातो, दुसरं काय! पण नकाशा म्हणजे कापडाचा तागा नव्हे, त्यातून नमुना कापता येत नाही, हे माझ्यासारख्या हुशार माणसाच्या डोक्यात आलंच नाही.

त्याच हसण्यात उठून समोर गेलो असतो! दहा पावलांचा बोळ. वही उघडून दाखवली असती, तर वहिनी केवढ्या हसल्या असत्या — पलीकडच्या बोळातून लोक बघायला आले असते. मला आयुष्यभर 'नमुना' म्हणाले असते, एवढीच शिक्षा. मी उठलोही होतो. मग मला तो बोळात सांडलेल्या पिठाचा पांढरा डाग आठवला. आणि मी खाली बसलो.

दाढीच्या ब्लेडनं तुकडा पानावरून सोडवला. मागचा डिंक ओल्या फडक्यानं पुसला. मला वाटलं, तुकडा गुपचूप कपाटात टाकला की कुणालातरी सापडेल, वहिनींवरचा आळ जाईल, आणि माझंही झाकलेलं राहील. सुट्टीच्या दुपारी बोळात कुणी नाही असं बघून मी तो नट-बोल्टच्या पिशवीत टाकला.

केवढी अक्कल! सगळ्या पिशव्या आपण सगळ्यांदेखत ओतून बघितल्या होत्या, हे मी विसरलो. त्यानंतर वहिनी एकदा कपाटापाशी आल्या होत्या आणि ते शेजारच्या तुळसाकाकूंनी बघितलं होतं, हेही विसरलो. दोन दिवसांनी पोरांना तुकडा सापडला. पोरं नाचली. तुळसाकाकू मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आते बरा सापडना! भ्याव लागना व्हई." म्हणजे आता बरा सापडला, भीती वाटली असेल, म्हणून आणून ठेवला. आधी वहिनी फक्त निष्काळजी ठरल्या होत्या. आता चोर ठरल्या — आणि चोरी गुपचूप परत करणाऱ्या. आणि ते मी केलं होतं, त्यांना सोडवायला म्हणून.

वहिनींना बोलावलं गेलं. त्यांनी तो लाकडी तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला. सगळ्यांकडं बघितलं, माझ्याकडंही. "आला का घरी? बरं झालं. मग माझा पुठ्ठ्याचा काढून टाका आता." काकूंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. सुदामभाऊ पुढं सरकले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला आणि आत गेल्या. मी ओट्यावरच उभा होतो. माझ्या तोंडात शब्द होते — तयार होते हो, ओळीनं लावलेले, नगासकट. बाहेर आले नाहीत.

पुढं ओळीत ती एक थट्टाच झाली. कुणाची वाटी सापडेना, की "पंचफुलाबाईला विचारा, दोन दिवसांनी सापडेल." वहिनी या थट्टेवरही हसायच्या. पण ते हसू बोळाबाहेर जायचं बंद झालं. पोरांत पाय दुमडून बसणं तर त्यांनी त्याच दिवशी सोडलं होतं. आणि खेळण्यांचं काय झालं? सहा महिन्यांत सगळं परत त्या पोत्यासारखं. ठोकळ्यांत मणी, मण्यांत सोंगट्या. पोरं मोजणाऱ्याकडं येत नाहीत, बसणाऱ्याकडं येतात. माझी लेबलं मात्र शेवटपर्यंत जागच्या जागी होती. रिकाम्या पिशव्यांवर.

दोन-तीन वर्षांनी सुदामभाऊंना हजीऱ्याकडं काम लागलं आणि ते घर हललं. टेम्पोत ट्रंक चढवायला मी हात लावला. वहिनी म्हणाल्या, "नाना, भाकऱ्या धुऊन घडी करून ठेवल्यात. कुणी बसणारी मिळाली तर द्या तिला." मी म्हणालो, "हो." बास, एवढंच म्हणालो. टेम्पो वळेपर्यंत वेळ होता. वळल्यावरही होता, पर्वत पाटियाहून हजीरा काही परदेशात नाही.

वहिनी आहेत. लेकाकडं असतात, नातवंडं आहेत, असं ऐकतो. दोन माणसांना विचारलं तर त्यांचा नंबर मिळेल. तुम्ही म्हणाल, मग जाऊन त्यांना सांगा, हे लिहून आम्हाला का सांगताय? जाईन, ते त्यांचं आणि माझं. पण त्यांच्या एकटीच्या कानात हळूच सांगणं म्हणजे नट-बोल्टच्या पिशवीत परत एकदा तुकडा टाकणंच. त्यांचं नाव मी बोळात, सगळ्यांदेखत खराब केलं. त्या अठरा खोल्यांतली माणसं आता उधन्यात आहेत, लिंबायतमध्ये आहेत, काही परत गावी गेली. तुळसाकाकूंचा मुलगा तर अजून मला रस्त्यात भेटतो. त्यांच्यापर्यंत जायचं, तर ते छापूनच जायला हवं. कमलही वाचेल. चहाचा कप आज जरा जोरात आदळला जाईल, तेवढं ऐकू येईल मला.

ती वही अजून ट्रंकेत आहे. शेवटच्या पानावर ब्लेडनं खरवडल्याची खूण आहे, आणि त्या खुणेवर, बरोबर त्या जागी, वहिनींचा पुठ्ठ्याचा तुकडा. पिवळा खडू फिका पडलाय. दोन्ही ठिपके दिसतात.

आता नोंद दुरुस्त करतो. माझ्या हयातीतली ही एकच खाडाखोड.

नकाशा, लाकडी. मोजले तेव्हा नग चोवीस. पंचफुलावहिनींच्या हातात दिले ते तेवीस, न मोजता, माझ्या शब्दावर. चोविसावा माझ्या वहीत होता, मीच चिकटवलेला. नट-बोल्टच्या पिशवीत टाकला तोही मीच. वहिनींनी तो हरवला नाही, घेतला नाही, परत आणून ठेवला नाही. त्यांनी त्या कपाटात एकच तुकडा ठेवला, तो पुठ्ठ्याचा, आणि तो त्यांनी स्वतः केलेला होता.